फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेस गाड्यांची स्पर्धा) गाडीचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, कसं ठरवायचं

आधी टायर जमिनीवर एक पूर्ण फेरा फिरवा आणि टेपने अंतर मोजा, १८ इंच बाहेरच्या व्यासाच्या टायरला साधारण १.४३ मीटर येतं, म्हणजे १०० च्या स्पीडला चाक मिनिटाला ११६५ फेरे मारतं. तेव्हा इंजिन ९००० आरपीएमवर हवं असेल तर एकूण रेशो ७.७ लागतो, त्याला प्रायमरी (इंजिन ते क्लचमधला रेशो) आणि त्या गिअरच्या रेशोने भागा, उरला तो स्प्रॉकेटचा, म्हणजे मागचे दाते भागिले पुढचे.

पुढच्या स्प्रॉकेटला १३ दात्यांच्या खाली जाऊ नका प्लीज, चेन फार वळते आणि लवकर झिजते. शिवाय चेनच्या कड्या सम असतात, त्यामुळे १३ सारखा विषम आकडा असला की झीज सगळीकडे सारखी होते.

मागची स्प्रॉकेट्स आम्ही नाशिकच्या सातपूरला ३९, ४० आणि ४२ दात्यांची लेझर कट करून घेतली, प्रत्येकावर ७५ मीटरचा टाइम घेतला. स्प्रॉकेट बदललं की चेनचा ढिलेपणा परत सेट कराच.