ट्रकचालकाचे तास: जीपीएस आणि वहीचा मेळ

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 91 चालकाच्या तासांसाठी 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याकडे बोट दाखवतं. तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रम संहितेत विलीन झाला. त्यातलं माप असं होतं: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती.

पिंपळगावला द्राक्षांचा कंटेनर भरून न्हावाशेवा बंदराला निघालात, तर कामाच्या तासांची वही गाडी हलल्यावर नव्हे, माल भरायला हात लावल्यावर उघडा. माल भरणं-उतरवणं, गाडीची दुरुस्ती, सह्यांची कामं हे सगळं कामाच्या तासांत मोडतं. बहुतेक हिशेब इथेच चुकतो, कारण जीपीएसला फक्त चाक फिरलेलं कळतं.

जीपीएस यंत्र बसवताना इग्निशनची वायर चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या जागी जोडा. ती थेट बॅटरीवर गेली, तर ढाब्यावर झोपलेली गाडीसुद्धा रात्रभर ‘चालू’ दिसते. चावी बंद-चालू करून ॲपवर स्थिती बदलते का, ते मेकॅनिक समोर असतानाच बघा. जोडण्यापूर्वी यंत्र 24 व्होल्टला चालतं ना, तेही पाहा. रिपोर्टमधल्या वेळा साडेपाच तास मागे दिसल्या तर यंत्र बिघडलेलं नाही. टाइम झोन भारताचा करायचा राहिलाय.

विश्रांती घोटीला, कसारा घाट उतरण्याआधी घ्या आणि वहीत जागा, वेळ, किलोमीटर तिथेच लिहा. मुक्कामाला पोचून आठवणीने भरलेली वही टोलच्या फास्टॅग वेळांशी हमखास भांडते.