बसायचं ठरलंय? मग दंडाचं माप आधी ठरवा

बसायचं ठरलं की बाटली, बर्फ, चकणा सगळं आठवणीनं आणलं जातं. खेळ मात्र ऐन वेळी कुणाला तरी सुचतो आणि हरणाऱ्यानं एक पेग मारायचा असं बोलता बोलता ठरून जातं. बैठक बिघडते ती तिथंच. पहिले दोन डाव हरलेला माणूस प्यायल्यामुळे तिसरा डावही हरतो आणि तासाभरात एकाचा अवतार होतो, बाकीचे त्याला सांभाळत बसतात. शिवाय दारू घेतल्या घेतल्या चढत नाही, पुरती चढायला अर्धा ते एक तास लागतो. ‘मला काहीच झालं नाही’ असं म्हणत माणूस पुढचे पेग रिचवतो ते याच वेळात.

म्हणून खेळ कोणता हे नंतर, आधी दंड किती ते ठरवा. छोटा पेग ३० मिलीचा. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात सुमारे १३ मिली, वजनात १० ग्रॅम अल्कोहोल. एवढं उतरायला शरीराला साधारण तासभर लागतो. आता बिअरचा हिशेब बघा. ६५० मिलीच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं, म्हणजे चार छोटे पेग. ‘मी बिअरच घेतो, माझं काय’ म्हणणारा बऱ्याचदा सगळ्यांच्या पुढे असतो.

दंडाचे दोन जग

झाकणाचे दोन सारखे जग घ्या. प्रत्येकात ३५० मिली कोकम सरबताचा पाक, १६५० मिली थंड पाणी, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अर्धा चमचा काळं मीठ घालून ढवळा. कोकम आगळ वापरू नका. ते खारट असतं, सोलकढीला चांगलं. इथं घातलं तर घोटाघोटाला तहान वाढते. एका जगात एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली व्होडका किंवा पांढरी रम ओता. पांढरीच घ्यायची, म्हणजे रंग बदलत नाही. दुसरा जग तसाच राहू द्या.

पहिल्या जगात आता साधारण साडेतीन टक्के अल्कोहोल आहे. दंड ३० मिलीचा, पेग मेझरनं मोजून. असे बारा दंड झाले तेव्हा कुठे एक छोटा पेग होतो. अख्ख्या जगात बहात्तर दंड बसतात आणि सगळे मिळून सहाच छोटे पेग. आठ जणांना रात्रभर पुरतं, आणि बराच हरलेलाही खेळण्याच्या शुद्धीत राहतो.

दारूच्या जगाच्या कानाला लाल दोरा बांधा आणि ते सगळ्यांना सांगून ठेवा. दोन्ही जगांची मापं वेगळी ठेवा, नाहीतर चौथ्या डावापर्यंत अदलाबदल होतेच. कोण कुठल्या जगातून घेतो हे विचारायचं नाही. गाडी चालवणारे, गोळ्या चालू असलेले, उपवासवाले आणि सरळ नको म्हणणारे सगळे त्याच खेळात त्याच दंडावर बसतात, रंगही सारखाच. आपल्याकडचं ‘घे की रे, एकानं काय होतंय’ हे या बैठकीत बंद. न सांगता कुणाच्या पेल्यात दारू ओतणं हा खेळ नव्हे, त्या माणसाला केलेला अपाय आहे.

सोडा घालू नका, फसफसणाऱ्या पेयातून दारू लवकर चढू शकते. बर्फ जगात न टाकता बाहेर परातीत ठेवून जग त्यात उभे करा. आत वितळला की माप बिघडतं आणि सरबतही पाणचट होतं.

सात–एळु

आकडे मोजायचे आणि सातावर टाळी वाजवायची, हा खेळ सगळीकडे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं तो मराठी आणि कन्नड (एळु म्हणजे सात) अशा दोन भाषांत खेळता येतो आणि त्याची गंमत दुप्पट होते. गोल बसायचं. विषम आकडे मराठीत, सम आकडे कन्नडमध्ये. साताच्या पाढ्यातला आकडा किंवा ज्यात ७ लिहिला जातो तो आकडा आला की बोलायचं नाही, फक्त टाळी.

एक, एरडु, तीन, नाल्कु, पाच, आरु, टाळी, एंटु, नऊ, हत्तु, अकरा, हन्नेरडु, तेरा, टाळी, पंधरा, हदिनारु, टाळी, हदिनेंटु, एकोणीस, इप्पत्तु, टाळी.

माणसं विषम हवीत, पाच, नऊ किंवा अकरा. सम असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दर फेरीला तीच भाषा येते आणि अर्धी मंडळी निवांत राहतात. विषम असली की दर फेरीला भाषा पालटते. सात जण मात्र नकोत, कारण सात, चौदा, एकवीस सगळे एकाच माणसावर येतात आणि बाकीच्यांना फारसं काम उरत नाही. सातच जमलात तर पाचाचा आकडा धरा.

चूक कुठं होते ते माहीत असलं की पंचाला सोपं जातं. कन्नडमध्ये इप्पत्तेळु (२७) म्हटलं की शेवटचा एळु कानाला स्पष्ट लागतो. मराठीत सत्तावीस, सदतीस, सदुसष्ट म्हणताना सात आधी येतो, तोही रूप बदलून, आणि सदतीसला तर निम्मे लोक चुकतातच. सातानं संपणारे सगळे आकडे विषम, म्हणून मराठीच्याच वाट्याला येतात. विषम मराठीत ठेवायचे ते यासाठीच. डाव साठीपलीकडं गेला तर दोन खड्डे आहेत. एकोणसत्तरमध्ये ‘सत्तर’ ऐकून लोक टाळी वाजवतात, पण ६९ मध्ये ७ नाही. एकोणऐंशीला कुणीच वाजवत नाही, आणि ७९ मध्ये तो समोरच लिहिलेला असतो.

प्रत्येकाला तीन सेकंद. वेळ गेली, भाषा चुकली, टाळी चुकली तर एक दंड आणि पुन्हा एकपासून. कन्नड कच्चं असणाऱ्यांसाठी वीसपर्यंतचे आकडे देवनागरीत लिहून भिंतीला चिकटवा. पंच न पिणारा असावा. त्याचा निकाल शेवटचा.

पत्त्यांचं रिंगण

जगभर खेळला जाणारा हा खेळ आपल्या पत्त्यांत बसवणं सोपं आहे. मधे रिकामा तांब्या, भोवती ५२ पत्ते पालथे, एकमेकांना टेकलेले. पाळीपाळीनं एकेक उचलायचा आणि सांगितलेलं करायचं.

दुर्री: तुझ्या आवडीच्या माणसाला दंड.
तिर्री: दंड स्वतःला.
चौका: सगळ्यांनी जमिनीला हात लावायचा, शेवटच्याला दंड.
पंजी: डावीकडच्याला दंड.
छक्की: उजवीकडच्याला.
सत्ती: हात वर, शेवटच्याला दंड.
अठ्ठी: एक जोडीदार निवडायचा, पुढची अठ्ठी निघेपर्यंत तुझा दंड त्यालाही.
नव्वी: एक शब्द द्यायचा, पुढच्यांनी यमक जुळवायचं, अडला त्याला दंड.
दश्शी: एक विषय सांगायचा, उदाहरणार्थ बेळगाव ते कोल्हापूर रस्त्यावरची गावं, आणि फेरी चालू.
गुलाम: नवा नियम, जसं की कुणाला नावानं हाक मारायची नाही.
राणी: प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर, वाक्य बोलला त्याला दंड.

राजा आणि एक्का यांचे मूळ नियम आम्ही काढून टाकायला सांगतो. मूळ खेळात प्रत्येक राजाला आपल्या पेल्यातलं थोडं तांब्यात ओततात आणि चौथा राजा उचलणारा ते सगळं पितो. त्यात बिअर, रम, व्हिस्की एकत्र, किती ते कुणालाच ठाऊक नाही. एक्क्याला सगळे एकदम पीत सुटतात आणि पुढचा थांबेपर्यंत मागच्याला थांबता येत नाही. दोन्हीत माप हातातून जातं. त्याऐवजी तीन राजांना तांब्यात एकेक चिठ्ठी टाका आणि चौथ्यानं ती तिन्ही कामं करायची: लावणीवर चार पावलं, दोघांची नक्कल, सगळ्यांना पान लावून देणं. एक्क्याला सगळ्यांनी साधं पाणी प्यायचं. ५२ पत्त्यांत चार एक्के, म्हणजे चार वेळा पाणी आपोआप पोटात जातं. जुन्या नियमापेक्षा हा कितीतरी कामाचा.

पत्ते दमट असले तर चिकटून दोन-दोन येतात. पावसाळ्यात बेळगावची हवा अशीच असते. खेळापूर्वी पत्त्यांवर चिमूटभर टाल्कम पावडर टाकून पिसून घ्या.

पेले आणि चेंडू

टेबल टेनिसचा चेंडू समोरच्या संघाच्या पेल्यात टाकायचा. टेबल आठ फुटांचं असेल तर दोन्ही टोकांना दहा-दहा पेले, ४–३–२–१ अशा त्रिकोणात. सहा फुटी असेल तर सहा-सहा. निमुळतं टोक समोरच्या संघाकडं. पेल्यात साधं पाणीच, एक तृतीयांश. जमिनीवर लोळून आलेला चेंडू पडलेलं कुणी पिऊ नये. पेला गेला की दंड जगातूनच. दोघादोघांचे संघ, प्रत्येक पाळीला दोन फेक, कोपर टेबलाच्या काठामागं. टप्पा देऊन चेंडू आत गेला तर दोन पेले बाद, पण टप्प्याचा चेंडू समोरच्याला हातानं अडवता येतो. गच्चीवर वारा असला तर कागदी पेले सरकतात, तिथं पाणी निम्म्यापर्यंत भरा. स्टीलचे पेले टिकतात खरे, पण चेंडू काठावर आपटून बाहेर उडतो, म्हणून रुंद तोंडाचे घ्या.

मी कधीच नाही

प्रत्येकाला दहा चिंचोके. एक जण म्हणतो, ‘मी कधीच पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघितलेला नाही.’ ज्यांनी बघितलाय त्यांनी एक चिंचोका मधे टाकायचा. चिंचोके संपले की एक दंड. वाक्य सरळ ‘कधीच … नाही’ असंच ठेवा. दोनदा नकार आला की टाकायचा कुणी यावरच वाद होतो. बैठकीतल्या एखाद्याचं लग्न, नोकरी, घरची भांडणं यावर वाक्य करायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगा. हा खेळ हसण्यासाठी आहे, कबुलीजबाबासाठी नाही.

तीन पत्तीही चिंचोक्यांवरच. पैसे लावले की तो जुगार. वाद टाळायला क्रम आधी बोलून घ्या: ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे), एकाच रंगाचा सिक्वेन्स, साधा सिक्वेन्स, रंग, जोडी, मोठा पत्ता. सिक्वेन्समध्ये एक्का-राजा-राणी सगळ्यात वर आणि एक्का-दुर्री-तिर्री दुसरा.

वेळ, जेवण, घरी जाणं

एकवीस पूर्ण झालेलेच बसवा. रिकाम्या पोटी सुरुवात नको. आधी गिरमिट, मिरची भजी, उकडलेली अंडी. खारे शेंगदाणे कमीच, ते तहान वाढवतात. भाकरी आणि मटण नऊ वाजताच ताटात यावं. बाराला वाढलं तर कुणी जेवत नाही. दहानंतर स्पीकर बंद, रात्री दहा ते सकाळी सहा त्याला बंदी आहे.

स्वस्त म्हणून चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याच्या बाटल्या आणू नका. परवाना नसेल तर अबकारी खातं माल जप्त करतं आणि गुन्हाही नोंदवतं. जांबोटी, खानापूरकडच्या शेतघरात बसणार असाल तर परतीची गाडी आधी ठरवा किंवा अंथरुणं तिथंच घाला. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. पहिल्या वेळी पकडलं गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

कुणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडत असेल, ओठ निळे किंवा अंग गार पडलं असेल तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, एक माणूस शेजारी बसवा, १०८ ला फोन करा. ताक, लिंबू, कॉफी काही पाजायचं नाही, उलटी काढायला बोटं घालायची नाहीत. बेशुद्धीत ते श्वासनळीत जातं.

शेवटचा खेळ बिनदंडाचा, जेवणानंतरचा: अंताक्षरी. दोन संघ, गाणी मराठी आणि कन्नड दोन्ही चालतील. अडतं ते ण आणि ळ या अक्षरांवर, कारण त्यांनी सुरू होणारं गाणं मिळत नाही. ण आला की न धरा, ळ आला की ल.