तहान दाखवणारा द्राक्षमांडव

अंगणातला द्राक्षमांडव कोरडा पडू लागला की त्यावर बांधलेल्या दिव्यांचा उजेड बदलावा, अशी ही मांडणी आहे. कॅनडाचे कलाकार-आर्किटेक्ट फिलिप बीझ्ली यांच्या 2010 च्या व्हेनिस बिएनाले या आर्किटेक्चर प्रदर्शनातल्या 'हायलोझोइक ग्राउंड' या कलाकृतीमध्ये माणूस जवळ आला की रचना हलायची. वेलीची गती वेगळी. तिच्या मुळाशी ओलावा तासातासाने उतरतो, उजेडानेही तेवढाच वेळ घ्यावा.

सामान: ईएसपी32 बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर), कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, 5 मीटर डब्ल्यूएस2812बी पट्टी (रंग बदलणारे एलईडी, मीटरला 30 दिवे), 5 व्होल्ट 5 अँपिअरचा पॉवर सप्लाय, 74एएचसीटी125 चिप (बोर्डाचा 3.3 व्होल्टचा सिग्नल 5 व्होल्टवर नेणारी), 330 ओहमचा रेझिस्टर, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दोन उघड्या काट्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका, ओल्या मातीत वीज वाहून तो गंजतो.

खरी गोम सेन्सर पुरण्यात आहे. नाशिकची काळी माती वाळली की भेगाळते. भेग सेन्सरला लागून पडली की तो माती सोडून हवा मोजतो आणि वेलीला पाणी असूनही 'कोरडं' सांगतो. म्हणून खड्ड्यात चाळलेली माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात भरा, ड्रीपरपासून वीतभर अंतरावर सेन्सर उभा रोवा आणि माती बोटांनी घट्ट दाबा. सेन्सरच्या कापलेल्या कडांतून पाणी आत झिरपतं. म्हणून पुरण्याआधीच कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या, वरच्या सर्किटवर इपॉक्सी.

सेन्सर 3.3 व्होल्टवर चालवा आणि 34 नंबरच्या पिनला जोडा. 25 ते 27 या पिना वाय-फाय चालू असताना ॲनालॉग रीडिंग देत नाहीत. बरेच जण इथेच अडकतात. कोरड्या मातीत एकदा आणि भरपूर पाणी देऊन तासाभराने एकदा आकडा टिपा. आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. दर 10 मिनिटांनी 20 रीडिंग घेऊन मधला आकडा धरा.

150 दिवे पूर्ण पांढरे पेटले तर 9 अँपिअर लागतात. दिवे चालवणाऱ्या कोडच्या फास्टएलईडी लायब्ररीत 3000 मिलिअँपिअरची मर्यादा घाला, वीज पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या. नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात. डेटाची तार 74एएचसीटी125 मधून न्या, पट्टीच्या तोंडाशी रेझिस्टर लावा, कपॅसिटर सप्लायच्या दोन तारांमध्ये. सगळ्यांचा ग्राउंड (ऋण तार) एकच हवा. तो सुटला की दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

पट्टी ऑक्टोबर छाटणीनंतर, मांडव उघडा असताना बांधा. सिलिकॉन नळीतली आयपी67 (पाणी-धूळ रोखणारी) घ्या, जोड उष्णतेने आकसणाऱ्या नळीने बंद करा. बोर्डो फवारणीतला मोरचूद उघडे जोड खातो. फवारणीआधी वीज बंद करा. मेन्सला ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

ओल्याला निळा-हिरवा, कोरड्याला तांबूस, आणि एका रंगातून दुसऱ्यात जायला अर्धा तास. रात्री दहानंतर दिवे बंद ठेवा, नाहीतर किडे मांडवावर घोंघावत राहतात.