कामासाठी एका दिवसाची मुंबई : कुठे, केव्हा आणि किती खायचं

कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, मराठवाड्यातून देवगिरी, नागपूरहून विदर्भ. मंत्रालयात किंवा हायकोर्टात काम निघालं की यांतली एखादी गाडी धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि रात्री परतायचं. मधल्या वेळात तीनदा खाणं होतं. ते कामाच्या वेळेशी जुळवलं नाही तर दिवसभर चहा-बिस्किटावर राहावं लागतं, किंवा ऐन काम निघतं तेव्हा डोळे मिटायला लागतात.

सकाळी स्टेशनवरच तोंड धुऊन, कपडे बदलून मग बाहेर पडा. समोर फोर्टच्या बाजूला पंचम पुरीवाला आहे. पाच पुऱ्या आणि बटाट्याची रस्साभाजी हा तिथला मूळ मेनू. पण रात्रभर बर्थवर नीट झोप झाली नसेल तर तळलेल्या पुऱ्यांनी जळजळ होते. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटं चालत धोबी तलावला जा. 1904 सालचं कयानी हे इराणी हॉटेल तिथे आहे. ब्रुन मस्का (कडक पावाला लोणी) किंवा बन मस्का (मऊ पावाला लोणी) आणि चहा हलका पडतो. भूक जास्त असेल तर अकुरी घ्या, म्हणजे कांदा-मिरची घातलेली मऊ अंडा भुर्जी.

दुपारचं जेवण हीच खरी अडचण. हायकोर्टाची जेवणाची सुट्टी झाली की वकील, पक्षकार आणि आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं एकदम बाहेर पडतात. दीड ते अडीच या वेळात फोर्टात टेबल मिळणं कठीण. तुमचं प्रकरण सुट्टीनंतर असेल तर साडेबारालाच जेवून घ्या. मंत्रालयात सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारी आत सोडतात, त्यामुळे जेवण आधी आणि पासची रांग नंतर. आत गेल्यावर जेवायला बाहेर आलात तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

बेलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 पासून आहे. तिथला बेरी पुलाव एकदा खायलाच हवा. इराणी झरिष्कचे आंबट दाणे, वर काजू आणि भाताच्या खाली मटण किंवा चिकन. एक प्लेट दोघांना पुरते. एकट्याने पूर्ण संपवून सुनावणीला बसू नका. मासे हवे असतील तर फोर्टात महेश लंच होम आहे, मंगळुरी पद्धतीची गस्सी (नारळाचा रस्सा) आणि नीर डोसा (तांदळाचा पातळ डोसा). मात्र जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा मासा ताजा आहे की बर्फातला हे ऑर्डर देण्याआधी विचारा. आणखी एक : रविवारी फोर्टातल्या कचेऱ्या बंद, त्यामुळे खाण्याची बरीच ठिकाणंही बंद.

रात्रीचं जेवण सीएसएमटीच्या आसपास उरकायची घाई करू नका. वर सांगितलेल्या चारही गाड्या दादरला थांबतात. तेव्हा तिकिटावरचं बोर्डिंग स्टेशन, म्हणजे गाडीत चढण्याचं स्टेशन, दादर करून घ्या आणि जेवण माटुंगा-दादरला ठेवा. हा बदल चार्ट लागण्याआधी करावा लागतो. एकदा केला की सीएसएमटीहून चढण्याचा हक्क राहत नाही. बदल न करताच दादरला गेलात तर टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला, पायरीवरच म्हणावं इतक्या जवळ, ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. भात पहिल्यांदा थोडाच घ्या. सांबारावर पोट भरलं की रसम आणि ताकाला जागा उरत नाही, आणि ते जेवण त्या दोघांसाठीच करायचं असतं. सोमवारी बंद.

पानावरचं जेवण निवांत होतं, म्हणून देवगिरी किंवा सिद्धेश्वरवाल्यांनाच ते जमेल. महालक्ष्मी आणि त्याहून लवकर सुटणारी विदर्भ यांच्यासाठी दादर पश्चिमेला सेनाभवनासमोरचं आस्वाद हे हॉटेल बरं. थालीपीठ किंवा मिसळ, वर पीयूष. तिथून स्टेशन चालत पंधरा मिनिटं. संध्याकाळच्या गर्दीत पूल ओलांडायला आणखी दहा धरा, कारण दादरला गाडी मोजकी मिनिटंच थांबते आणि डबा कुठे येणार हे आधीच पाहून ठेवावं लागतं.