बागेचं काम सुरू व्हायच्या आधी जुनी झाडं कशी तपासायची?

सगळ्यात आधी एक सांगते, ही तपासणी नकाशा काढायच्या आधीच करा, कारण ट्रॅक आणि पार्किंग एकदा कागदावर आलं की झाडच मध्ये येतंय असं सगळे म्हणायला लागतात.

प्रत्येक झाडाला नंबर द्या, पण खिळा नको, सैल दोरीने पट्टी बांधा. वहीत जात लिहा, फोटो काढा. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजायचा, त्याला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो.

मग बुंध्याशी खाली बसा. खोड बुडाशी पसरत जाऊन मातीत शिरायला हवं, खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर तिथं कधीतरी भर घातलीये असं समजा. बुडाशी कडक पंख्यासारखी बुरशी आहे का बघा, झाड कललेलं असेल तर उलट बाजूची जमीन उचलली गेलीये का, ताजी भेग आहे का तेही बघा, आणि असेल तर लगेच तज्ज्ञाला बोलवा.

लाकडी हातोडीने खोडावर हळू टकटक करत गोल फिरा, आवाज अचानक ढब्ब झाला की आत पोकळी असू शकते. पण पोकळ म्हणजे मेलं असं अजिबात नाही! पाणी बाहेरच्या थरातून चढतं, मधलं लाकूड तसंही जिवंत नसतं, बाहेरचं भरीव लाकूड किती जाड उरलंय ते महत्त्वाचं. ढोलीत घुबड किंवा वटवाघळं असतात, त्यामुळे एक संध्याकाळ तिथं थांबाच.

वर बघताना बेचक्यात साल दबलीये का बघा, फांदी तिथूनच फाटते. वाळकी फांदी बाकावर येत असेल तर ती छाटा किंवा बाक हलवा, त्यासाठी झाड कशाला पाडायचं?

आता मुळं, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखा, म्हणजे ६० सेंमीच्या खोडाला ७.२ मीटर. बहुतेक मुळं वरच्या ६० सेंमी मातीतच असतात, म्हणून या वर्तुळात चर, रोलर, सिमेंटची पोती काहीच नको. मुळं तुटली तरी झाड लगेच दाखवत नाही, काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि तोवर कंत्राटदार कधीच गेलेला असतो.

शेवटी प्रत्येक नंबरपुढे लिहा: ठेवायचं, छाटून ठेवायचं, तज्ज्ञाला दाखवायचं की काढायचं. काढायचं असेल तर कारण नीट लिहा, "कामात येतंय" हा काही झाडाचा रोग नाही. ही वर्तुळं नकाशावर चढवून घ्या आणि पहिलं मशीन आत यायच्या आधी त्यांच्याभोवती पक्कं कुंपण घाला.