पोपट चावतो, ओरडतो, पिसं उपटतो? या चुका टाळा

“काही कारण नसताना चावला”

कारण बहुतेक वेळा असतं आणि पक्ष्याने ते आधी दाखवलेलंही असतं. कॉकॅटिएल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) तुरा डोक्याला चिकटवून फुत्कारतो. आफ्रिकन ग्रे किंवा अ‍ॅमेझॉन पोपटाच्या डोळ्यातली बाहुली भराभर लहान-मोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपटी पसरते. नुसत्या बाहुलीवरून निष्कर्ष काढू नका, आवडता खाऊ दिसला तरी ती अशीच हलते. अंग ताठ आहे की सैल, हे सोबत बघावं लागतं.

खरी चूक इथे होते: इशारा दिसूनही हात पुढे जातो, “सवय होईल” म्हणून. सवय होते ती वेगळीच. इशाऱ्याचा उपयोग नाही हे पक्षी शिकतो, इशारे देणं सोडतो आणि थेट चावतो. ‘अचानक चावणारे’ बरेच पोपट असे माणसांनीच तयार केलेले असतात.

चावल्यावर किंचाळू नका, चोचीवर टिचकी मारू नका, तोंडावर फुंकर घालू नका. हात झटकला तर त्या हातावरचा भरवसाच जातो. काही न बोलता त्याला जवळच्या दांडीवर ठेवा. पुढच्या वेळी तुरा खाली जाणं किंवा दुसरा इशारा कुठल्या अंतरावर दिसतो ते पाहा आणि त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबा. अंग सैल असताना एक दाणा द्या, मागे व्हा. दिवसातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं पुरे. अंतर पक्ष्याने कमी करायचं, आपण नाही.

ओरडण्याला ओरडून उत्तर

सकाळी आणि तिन्हीसांजेला थव्यातले पक्षी एकमेकांना हाका मारतात. तेवढा गोंगाट होणारच. आपण दुसऱ्या खोलीतून “गप्प बस” ओरडलो की त्याच्या हाकेला ओ मिळाली! एक ठरावीक शीळ निवडा, खोलीतून जाताना ती वाजवा आणि तो हळू आवाजात बोलला की लगेच उत्तर द्या. किंचाळण्याकडे दुर्लक्ष सुरू केलं की आधी ते वाढतं. नेमकं तेव्हाच धावत गेलात, तर जास्त वेळ किंचाळलं की माणूस येतो एवढंच तो शिकेल.

झोपही तपासा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळाली नाही तर पक्षी चिडचिडा होतो.

पिसं उपटतो म्हणजे कंटाळलाय?

आधी डोकं बघा. स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर जोडीदार उपटतोय किंवा आजार आहे. डोकं शाबूत असलं तरी त्वचेचा, परजीवींचा किंवा यकृताचा त्रास असू शकतो, म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांची तपासणी पहिली.

त्यातून काही निघालं नाही, तर त्याला खाणं शोधायला लावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2003 मध्ये तरुण अ‍ॅमेझॉन पोपटांवर केलेल्या प्रयोगात, खाणं शोधून काढायची सोय आणि पिंजऱ्यात विविधता मिळाल्यावर पिसं उपटणं कमी झालं. रोजच्यातले थोडे दाणे साध्या, छपाई नसलेल्या कागदात त्याच्यासमोरच गुंडाळा. पहिल्यांदा पुडी अर्धी उघडी ठेवा. बाकी खाणं वाटीतच राहू द्या, पुडी कशी उघडायची हे न कळलेला पक्षी उपाशी राहतो. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅममध्ये वजन करा. दहा टक्के घटलं तर थेट डॉक्टर.

पाठीवरून हात फिरवणं

पाठ आणि पंखांखालचा स्पर्श पक्ष्याला मिलनाचा इशारा वाटतो. मग तो आपल्यावर किंवा आरशावर खाल्लेलं ओकतो, इतरांवर धावून जातो. मादी अंड्यांमागून अंडी घालते आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम संपत जातं. लाड डोक्या-मानेपुरते ठेवा. आरसा, कापडी घरटं, अंधारी खोकी काढून टाका. मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसून कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. वाट बघू नका.

“आज किती शांत बसलाय”

पक्षी आजार लपवतात. दिवसा पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, दोन्ही पायांवर बसलेला आणि प्रत्येक श्वासाला शेपटी हलणारा पक्षी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचा. तोवर त्याला उबेत ठेवा, हाताळू नका.