ससा पाळताय? या चुका टाळा, निदान गाजराची तरी

परवा पुन्हा फोन. "काकू, आमचा ससा कालपासून काही खात नाहीये. गाजरसुद्धा नको म्हणतो." त्या 'गाजरसुद्धा'तच सगळं आलं. मी लालबागला चाळीत राहते. अकरा वर्षं घरात ससे आहेत. लोकांनी हौस फिटल्यावर माझ्या दारात आणून ठेवलेले धरले तर तेवीस ससे या गॅलरीतून गेले. प्रश्न मात्र तेच सहा-सात. तेव्हा एकदाच लिहून ठेवते, पुढच्या फोनला हेच पाठवीन.

तर गाजर. सशाचं खाणं म्हणजे गाजर, हे लोकांनी कार्टूनमधून उचललंय. ससा काही कंदमुळं उकरून खात नाही. गवत खातो, तेही दिवस-रात्र, थोडं थोडं. गाजरात साखर फार. कधीतरी बोटाच्या पेराएवढा तुकडा खाऊ म्हणून ठीक, पण ते त्याचं जेवण नव्हे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा पहिला ससा बंड्या. सकाळी गाजर, दुपारी चपातीचा तुकडा, संध्याकाळी आमच्या चहाबरोबर मारी बिस्किट. गोलमटोल झाला होता, येणारा-जाणारा कौतुक करायचा. दोन वर्षांनी त्याची हनुवटी सारखी ओली दिसायला लागली. पाणी पिताना भिजते असं आम्ही ठरवून टाकलं. मग तो ताटलीपाशी धावत यायचा, घास तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. आम्ही म्हणालो, लाडावलाय. शेवटी डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून दाखवलं. दाढांच्या कडांना सुयांसारखी टोकं आली होती आणि जिभेची कड कापली गेली होती.

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचेही आणि दाढाही. पुढचे तर वर्षाला १० ते १२ सेंटिमीटर. गवत खाताना सशाचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, त्यात दाढा घासल्या जातात. गाजर नाहीतर बिस्किट चावताना तो नुसता वर-खाली होतो. बंड्याच्या दाढा त्यानंतर दर दोन महिन्यांनी भूल देऊन घासून घ्याव्या लागल्या. पाचव्या वर्षी एका भुलीतून तो उठलाच नाही. नीट ठेवलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो.

तेव्हा माझ्या घरचा नियम असा: ससा जेवढा दिसतो तेवढा गवताचा ढीग रोज त्याच्यापुढे पडायला हवा, आणि संपला की पुन्हा. टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात, महाग असतात. मी निम्मं ते घेते आणि निम्म्या दूर्वा. हो, गणपतीच्याच. दादरच्या फुलबाजारात जुड्या मिळतात, फक्त संकष्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नका, भाव ऐकून परत याल. घरी आणली की जुडीचा दोरा सोडायचा, दूर्वा धुवायच्या, सुपात पसरून वाऱ्यावर वाळवायच्या. ओली जुडी तशीच ठेवली तर आतून गरम होते, आंबते, आणि ती खाऊन पोट फुगतं. मंडपातलं निर्माल्य सशासाठी घेऊन येणारे भाविकही मला भेटलेत. गुलाल, कुंकू, उदबत्तीची राख सगळं त्यात. भावना पोचली म्हणावं, पण नको.

देवळाबाहेर गाईला घालायला पेंडी मिळते, तीही लोक आणतात. त्यात लसूणघास (म्हणजे अल्फाल्फाचा चारा, लसूण नव्हे) असेल तर वयात आलेल्या सशाला देऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या पिलाला चालतो. सशाचं शरीर अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं घेऊन थांबत नाही. भरपूर शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, म्हणजे मग लघवीत गाळ आणि पुढे खडे.

पाल्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, आणि गाजराचा पाला. भाजीवाला तो उपटून फेकतो, फुकट देतो. म्हणजे गाजर तुम्ही खा, पाला सशाला. पालक क्वचित. अळू कधीच नाही. कांदा, लसूण, बटाटा, भात, पाव, दूध नाही. तयार खाद्याच्या गोळ्या दोन किलोच्या सशाला मी दिवसाला दोन मोठे चमचे देते. रंगीत दाणे मिसळलेलं खाद्य घेऊ नका, तो त्यातलं गोड वेचून खातो आणि उरलेलं तुम्हाला परत करतो. आणि मनीप्लँटची कुंडी वर टांगा, ते सशाला विषारी.

आता दुसरी चूक, जिच्यामुळे माझा आवाज चढतो. "बघू सकाळी."

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत वायू साठतो, वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. त्याला उलटीही होत नाही, सशाच्या शरीरात ती सोयच नाही. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण म्हणतो, लंघन बरं. ससा बारा तास खाल्ला नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ते दवाखान्याचं प्रकरण आहे. रात्री तीन वाजले असले तरी.

आमच्या खालच्या मजल्यावर एक राणी होती, करड्या रंगाची, एक कान पडलेला. पिंजरा रस्त्याकडच्या गॅलरीत. गणेशोत्सवात लालबागचा रस्ता कसा असतो ते मी सांगायला नको. अनंत चतुर्दशीला सकाळपासून ढोल-ताशे, फटाके, गुलाल. राणी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोळे अर्धे मिटून बसलेली. घरच्यांनी पाहिलं होतं. "घाबरलीय बिचारी, विसर्जन झालं की खाईल." आमच्या राजाचं विसर्जन गिरगाव चौपाटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, हे लालबागच्या पोरासोरांना माहीत. त्या हिशेबाने राणी अख्खा दिवस आणि अख्खी रात्र उपाशी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी तिला टॉवेलात घेऊन वर आली, "काकू, बघा ना." पोट फुग्यासारखं ताठ, कान बर्फासारखे गार, आणि दात करकर वाजत होते. ससा खूश असताना हलके दात वाजवतो. हा आवाज वेगळा असतो, तो वेदनेचा. टॅक्सी मिळायला वीस मिनिटं लागली. भायखळ्याच्या पुलावर ती गेली. मुलगी रडत एकच विचारत होती, "पण तिला झालं काय होतं?"

भीती हे आतडं थांबण्याचं एक नेहमीचं कारण आहे. त्यामुळे मिरवणूक, दिवाळी, कुणाच्या लग्नाची वरात, त्या दिवशी पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत. माझा मोरीत असतो, वर जुनी चादर, खाली गवताचा ढीग. मी शेजारी स्टूल टाकून भाजी निवडते. आणि रोज सकाळ-संध्याकाळ लेंड्या बघते. चण्याएवढ्या, गोल, कोरड्या, भरपूर, म्हणजे सगळं ठीक. बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या किंवा कमी पडल्या की कान टवकारायचे. लोक मला सशाच्या चेहऱ्याचे फोटो पाठवतात. मला ट्रेचा फोटो पाठवा. आजारी ससा चेहऱ्यावर काही दाखवत नाही, त्याला खाणारे प्राणी टपलेले असतात ना, दाखवून कसं चालेल.

खात नसेल तर ऊब द्या, ओली कोथिंबीर पुढे धरा आणि निघा. पोट ताठ असेल तर सिरिंजने काहीही भरवू नका. हिंग नको, ओवा नको.

आता घरगुती डॉक्टरकीबद्दल. मुलाच्या तापातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला "दोनच थेंब" पाजणारे लोक मी पाहिलेत, आणि ओळखीच्या केमिस्टला विचारून पाजणारेही. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडातून दिली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, वाईट जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा जातो. सर्दी राहते बाजूला. तसंच कुत्र्याच्या पिसवांचा स्प्रे. त्यावर फिप्रोनिल लिहिलं असेल तर सशाला लावायचा नाही, उरलाय म्हणून तर मुळीच नाही. डॉक्टर निवडतानाही फोनवर सरळ विचारा, ससे बघता का. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही कधी कधी प्रामाणिकपणे नाही म्हणतात, आणि ते बरंच.

आंघोळ घालू नका. ससा मांजरासारखा स्वतः चाटून स्वच्छ राहतो. बादलीत धरला की मागचे पाय झाडतो, आणि त्याची हाडं इतकी हलकी की स्वतःच्याच लाथेने पाठीचा कणा मोडू शकतो. कानाला धरून उचलणाऱ्यांशी मी बोलत नाही.

उकाडा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा आणि वर मुंबईची दमट हवा, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे त्याचे वाईट महिने. पत्र्याखालच्या गॅलरीत दुपारी ठेवू नका. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, तो तिला टेकून पसरतो. कान ओल्या हाताने पुसा. धापा टाकत असेल तर गार पाण्यात बुडवू नका, कान ओले करा, पंखा लावा आणि दवाखाना गाठा.

पावसाळ्यात रोज मागची बाजू उलटून बघा. लघवी-लेंडीने केस चिकटले असतील तर माशी तिथे अंडी घालते, आणि एका दिवसात अळ्या. वर्णन करत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.

पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर वर जुनी सतरंजी टाका. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, जाळीवर फोड येतात.

पहाटे तो स्वतःच्या ढुंगणाशी तोंड नेऊन मऊ लेंड्या खातो, ते थांबवू नका. त्या वेगळ्या असतात, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. एका गृहस्थांनी मध्ये कागद सरकवून ही "घाण सवय" मोडली होती. वर अभिमानाने सांगतात.

"दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत." हे वाक्य ऐकलं की मी खोक्याची सोय करायला घेते. चार-पाच आठवड्यांच्या पिलांमध्ये नर-मादी ओळखणं सरावलेल्यालाही चुकतं, आणि दुकानदाराला घाई असते. साडेतीन-चार महिन्यांत ते वयात येतात, ३० ते ३१ दिवसांत पिलं, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. सशाच्या बाबतीत पाढे पटापट वर जातात. डॉक्टरांकडून लिंग तपासून घ्या आणि नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या. मादीची तर कराच, न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. नराची केल्यावरही तो काही आठवडे बाप होऊ शकतो, तोवर वेगळा ठेवा. "जोडी एकटी पडली" म्हणून दुसऱ्याच दिवशी एकत्र सोडणारे घाईवाले माझ्याकडेच परत येतात, खोकं घेऊन.

आणि ती पिलं आरे कॉलनीत "निसर्गात" सोडू नका. आपल्या रानातला ससा वेगळा, त्याची पिलं केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतात. तुमचा पांढरा ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा. आरेत त्याला एकच गोष्ट येते, ती म्हणजे लांबून पांढरं दिसणं. कुत्री आणि घारी बाकीचं बघतात. रानातला ससा पकडून आणलात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच.

शेवटचं, लाल लघवीबद्दल, कारण हा फोन नेमका रात्री येतो. आधी आठवा, काल बीटाचा पाला दिला होता का. काही पाल्यांनी सशाची लघवी केशरी, कधी विटकरी होते. ससा खातोय, उड्या मारतोय, लेंड्या नीट आहेत, तर सकाळपर्यंत मला झोपू द्या. रक्ताचे थेंब वेगळे दिसत असतील, कुंथत असेल, तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका.